मिरजेला उतरायचं

आईच्या माहेरी जायचं म्हणजे मिरजेला उतरायचं, आणि मिरजेला उतरायचं म्हणजे नग मोजायचे. पुण्याला गाडीत बसताना सात, मिरजेच्या फलाटावर सात, छोट्या गाडीत चढल्यावर पुन्हा सात. एक वळकटी, दोन ट्रंका, फिरकीचा तांब्या, आजीसाठी घेतलेल्या लुगड्यांची पिशवी, दशम्यांचा डबा. आणि सातवा नग म्हणजे मी, असं बाबा म्हणायचे. मला त्याचा राग यायचा, पण मोजताना माझ्या डोक्यावर टिचकी मारून ते 'सात' म्हणायचे तेव्हा बरंही वाटायचं.

आजोळ ढालगावचं. सांगली जिल्हा म्हटलं की लोकांना ऊस आणि द्राक्षं आठवतात. आमचं ढालगाव त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, कवठेमहांकाळ तालुक्यात. कुसळं, बाभळी आणि आभाळाकडे बघणारी माणसं. मी सांगतेय ती गोष्ट १९७९-८० च्या आसपासची. पुण्याहून मिरजेपर्यंत यायला मोठी गाडी, तिथून पुढे ढालगावला छोटी. मिरजेतच आणखी एक, या दोन्हींच्या मधल्या मापाची गाडी उभी असायची. ती बेळगाव-हुबळीकडे जायची. तिच्यात आम्ही कधी बसलो नाही, त्यामुळे तिचं मला सगळ्यांत जास्त आकर्षण. मोठी, मधली, छोटी ही आमच्या घरातली नावं. ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज हे शब्द पुष्कळ पुढे कळले. दोन रुळांमधलं अंतर मोठीला १,६७६ मिलिमीटर, मधलीला बरोबर एक मीटर आणि छोटीला ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. अडीच फूट म्हणजे किती, तर मी सात वर्षांची असताना एक टांग टाकून पलीकडे जात होते इतकं.

या तिन्हींतली कुठलीच गाडी दुसरीच्या रुळावरून जाऊ शकत नव्हती. त्यामुळे मिरजेत आलेल्याला उतरणं भागच होतं. माणसाला, बोचक्याला, हळदीच्या पोत्याला, गुळाच्या ढेपेला. माणसं निदान स्वतःच्या पायाने पूल चढायची. पोती हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, दुसरीत जायची. मिरजेच्या यार्डात कित्येक घरांच्या चुली त्या अदलाबदलीवर पेटत होत्या.

मिरज जंक्शनबद्दल वाचायला गेलं की रेल्वेच्या दूरदृष्टीचं कौतुक भेटतं. मला ते फारसं पटत नाही. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी, आपापल्या पैशाने आणि आपापल्या गरजेपुरते रूळ टाकले आणि त्यांची गाठ मिरजेत पडली, इतकंच झालं. पुण्यापर्यंत मुंबईकडून ब्रॉडगेज १८५८ मध्येच आली होती. पण पुण्याच्या दक्षिणेला रूळ टाकायला घेतले ते सदर्न मराठा रेल्वे नावाच्या कंपनीने, आणि तिने मीटरगेज निवडली. ही कंपनी १८८२ ची. त्याआधी १८७६ ते ७८ असा जो भयंकर दुष्काळ दख्खनमध्ये पडला, त्यानंतर सरकारला उमगलं की एका भागात धान्य सडतं आणि शेजारच्या भागात माणसं मरतात, कारण मध्ये रस्ता नाही. त्यातून दुष्काळी मुलखात रेल्वे न्यायचं ठरलं. स्वस्त पडावी म्हणून मीटरगेज. म्हणजे या भागातल्या रुळांच्या मुळाशी दुष्काळ आहे. हे वाक्य मी इथे लिहून ठेवते, पुढे लागेल.

मग १८९१ मध्ये मिरज ते कोल्हापूर हा ४७ किलोमीटरचा फाटा सुरू झाला. तो कोल्हापूर दरबारच्या खर्चाने. शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार यायला तेव्हा अजून तीन वर्षं होती. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच फाट्यावर, वळिवड्याला, पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार लोकांची छावणी वसली. बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियातून कुठून कुठून फिरत आलेली ती पोरं. वळिवड्याला रेल्वेने पोचायचं तर वाट मिरजेवरूनच होती. म्हणजे त्यांच्याही कुणीतरी इथे नग मोजले असतील.

छोट्या गाडीची कथा सगळ्यांत मजेशीर. तिचं खरं नाव बार्शी लाइट रेल्वे. सोलापूरच्या बाजूला बार्शी हे कापसाच्या व्यापाराचं गाव, पण मुंबई-सोलापूर लोहमार्ग ते टाळून कुर्डुवाडीवरून गेला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हे हेरलं. त्याचं म्हणणं असं की अडीच फुटी रूळ म्हणजे खेळणं नव्हे. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, तो सगळ्या चाकांवर सारखा वाटायचा, मग हलक्या रुळावरूनही भरपूर माल नेता येतो. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावली आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं. १९०६ मध्ये रूळ पंढरपूरला पोचले, १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, ढालगाव, कवठेमहांकाळ करत मिरजेला. लंडनमध्ये कचेरी असलेल्या या कंपनीची गाडी विठोबाच्या वारकऱ्यांवर चालत होती. १९५४ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. कॅलथ्रॉप पुढे अरबी घोडे पाळायचा आणि त्याने वैमानिकांसाठी पॅराशूटही तयार केलं. त्या पॅराशूटचं नाव 'गार्डियन एंजल'. आमची छोटी गाडी इतकी हळू जायची की तिच्यातून उडी मारायला पॅराशूटची गरज नव्हती.

म्हणजे १९२७ नंतर मिरजेत दोन मापं होती. तिसरं आलं १९७१ मध्ये, पुणे ते मिरज-कोल्हापूर रूळ मोठे झाले तेव्हा. याच वेळी सांगली शहरही मुख्य मार्गावर आलं. तोवर सांगलीला मिरजेहून निघालेला एक आखूड फाटाच काय तो होता. तेव्हापासून पुढची वीसेक वर्षं मिरजेत तिन्ही मापं एकत्र नांदली. माझं बाळपण नेमकं या वीस वर्षांत बसलं, हे माझं भाग्य. आईच्या लेखी मात्र ती शिक्षा होती.

एकदा आमची छोटी गाडी चुकली. चुकली ती माझ्यामुळे. आई भडंग घेत होती, बाबा तिकिटाच्या खिडकीपाशी, आणि मी फलाटाच्या टोकाला जाऊन मधल्या गाडीचं इंजिन पाणी पिताना बघत उभी राहिले. फलाटाच्या टोकाला हत्तीच्या सोंडेसारखा एक उंच लोखंडी नळ असायचा. इंजिन त्याच्याखाली येऊन थांबायचं. एक काळाकुट्ट माणूस टाकीवर चढून ती सोंड फिरवून घ्यायचा, आणि मग धो धो पाणी. बाजूने सांडणारं पाणीही कळशीभर असेल. मला ढालगावची आजी आठवली. एका कळशीसाठी ती आडाच्या कठड्याशी किती वेळ उभी राहायची ते मी बघितलं होतं. इंजिनाला इतकं पाणी लागतं आणि ते इथे आहे, याचं मला इतकं नवल वाटलं की मागे छोट्या गाडीने शिट्टी दिली ती ऐकूच आली नाही.

सातवा नग सापडेना म्हणून आईबाबा सैरभैर. सापडला तोवर गाडी हलली होती. बाबा एका हमालाला म्हणाले, "अहो, हाक मारा की गार्डाला, थांबवा जरा." तो ट्रंका खाली ठेवून म्हणाला, "साहेब, गाडी काय आपल्या घरची हाय व्हय? बसा आता निवांत. वैनी, पोरीला मारू नगा, इंजान बघाय समदीच जात्यात."

आईने तरी एक धपाटा दिलाच. मग पुढच्या गाडीपर्यंतचा सगळा वेळ फलाटावर.

त्या मुक्कामात मला मिरज पहिल्यांदा दिसलं. आमच्या शेजारी एक कुटुंब पथारी पसरून बसलं होतं. कानडी बोलणारं, उगारच्या बाजूचं. मिरजेहून बेळगावकडे निघालं की दोनतीन स्टेशनांत कर्नाटक लागतं, त्यामुळे इथल्या फलाटावर कानडी ही परकी भाषा नव्हती, आजही नाही. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मिरजेला लोक उतरायचे त्याचं गाडी बदलणं हे एक कारण, दवाखाना हे दुसरं. डॉक्टर विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय उभं केलं आणि बघता बघता मिरज हे आजाऱ्यांचं गाव झालं. कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून माणसं रेल्वेने इथे यायची. बरी झालेली परत जायची, आणि न झालेल्यांचे नातलगही याच फलाटावरून परत जायचे. त्या म्हाताऱ्याच्या सुनेने आम्हाला ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. आईने तिला दशमी दिली. दोघींना एकमेकींची भाषा फारशी येत नव्हती, तरी दोघी तासभर बोलत होत्या. विषय बहुधा मीच असावे, कारण दोघी मधून मधून माझ्याकडे बघून मान हलवत होत्या.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी मांडीशी घेऊन बसला होता. लहान मूल निजवावं तसं. मला वाटलं, तोही पेशंटच. बाबांनी विचारलं तेव्हा कळलं, तंबोरा आहे. भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून गोधडी. मिरजेत सतार आणि तंबोरे करणारी घराणी आहेत. मुळात हत्यारांना धार लावणारे शिकलगार, एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. आता मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तेव्हा त्या माणसाला त्याची फिकीर नव्हती. मधल्या गाडीत गर्दी किती असेल याची होती. "उभं राहीन मी," तो बाबांना म्हणाला, "पण ह्याला बसाय जागा पायजे."

मिरजेच्या गाण्याचा विषय निघालाच आहे तर खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. उत्तरेतल्या कैरान्याचा हा गवई मिरजेचा झाला. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा. १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडेचेरीला निघाले होते. वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमल कोईल नावाच्या एका लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, नमाज पढले, दरबारी कानडा रागात कलमा म्हटला आणि तिथेच गेले. मग त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. अजूनही दरवर्षी तिथे गवई येऊन गातात. एका अनोळखी फलाटावर अखेरचा सूर लावणाऱ्या माणसाचं गाव गाडी बदलण्यासाठी प्रसिद्ध असावं, यात मला काहीतरी लागून राहतं. काय ते नेमकं सांगता येत नाही.

पुढची छोटी गाडी आली तेव्हा अंधार पडला होता. डबा एवढासा, समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागणार. बाबांनी नग मोजले. सात म्हणताना टिचकी जरा जोरातच बसली.

आता हे सगळं सांगताना छोट्या गाडीची आठवण गोड लागते, पण खरं सांगायचं तर ती गाडी त्रासाचीच होती. आषाढीला तिच्या टपावर माणसं बसायची. एरवीही बसायला जागा मिळेल याची खात्री नसायची. आमचे आप्पा, म्हणजे आईचे वडील, रेल्वेच्या आठवणींनी कधी हळवे झाले नाहीत. "तुमाला चार दिस मजा वाटती," ते म्हणायचे, "आमाला जलमभर तिच्यातच बसायचंय." त्यांच्या शेंगांची पोती पुण्याच्या बाजाराला जायची तर मिरजेत उतरवून पुन्हा चढवावी लागायची. दोनदा हमाली, आणि चढउतारात दोनचार शेर शेंगा फलाटावर. त्या शेंगा कोण वेचत होतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. रूळ एकाच मापाचे व्हावेत असं मनापासून म्हणणारा मला भेटलेला पहिला माणूस म्हणजे आप्पा.

ते झालं, पण आप्पांच्या हयातीत नाही. नव्वदच्या दशकात मधली गाडी गेली. मिरजेहून बेळगाव, हुबळी, बंगळूरपर्यंत रूळ मोठे झाले, आणि राणी चन्नम्मा एक्सप्रेस नव्या मापात धावू लागली. छोटी सर्वांत शेवटी गेली. कुर्डुवाडी ते पंढरपूर आधी बदललं, मग लातूरची बाजू २००८ पर्यंत, आणि पंढरपूर ते मिरज हा आमचा तुकडा २०१०-११ च्या सुमारास. वाफेची इंजिनं तर त्याच्या बरीच आधी गेली होती. सोंडेचे नळ कोरडे पडून गंजले. ट्रान्सशिपमेंटच्या, म्हणजे एका गाडीतला माल दुसरीत चढवायच्या, शेडमध्ये काम उरलं नाही. हमालांचं पुढे काय झालं याची नोंद कुठल्याही वेळापत्रकात सापडत नाही.

परवा पुणे-हुबळी वंदे भारतने गेले. ही गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. दारं आपोआप बंद होतात, मिरजेत गाडी जेमतेम थांबते. गोवा एक्सप्रेस, महालक्ष्मी, कोयना, तिरुपतीची हरिप्रिया, गोंदियाची महाराष्ट्र एक्सप्रेस, सगळ्या इथे येतात, थांबतात आणि जातात. आता उतरतो तो मिरजेचा माणूस, नाहीतर पेशंट. माझ्या डब्यातलं कुणीच उतरलं नाही. शेजारच्या मुलाने मोबाइलवरून मान वर करून विचारलं, "सांगली आलं का?" मी म्हटलं, "सांगली गेलं, मिरज आहे." त्याने मान खाली घातली. काचेला नाक लावून मी फलाटाचं टोक शोधत होते, पण गाडी त्याआधीच निघाली.

आणि तरीही, रूळ एकाच मापाचे झाले नसते तर काय झालं असतं, याचा हिशोब २०१६ मध्ये मला नीट कळला.

माझी नणंद लातूरला असते. त्या वर्षी मार्चमध्ये तिच्याशी बोलताना ती पाण्याबद्दल अशा आवाजात बोलायची जसं आजारी माणसाबद्दल बोलावं. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली होती. टँकर कधी येणार हे कुणालाच ठाऊक नसे. तिने सासूबाईंना आमच्याकडे पाठवून दिलं, म्हणाली, "दोन माणसांचं पाणी वाचलं, वहिनी." दुसरं माणूस कोण ते मी विचारलं नाही. सासूबाईंची देवपूजा, तिला वेगळं पाणी लागायचं.

एप्रिलमध्ये बातमी आली की लातूरला रेल्वेने पाणी देणार, आणि ते मिरजेहून भरणार. मी पेपर हातात घेऊन बसूनच राहिले. मिरजेत कृष्णेचं पाणी आहे आणि रेल्वेची स्वतःची पाण्याची व्यवस्था आहे. हैदरखान विहिरीचं नाव त्या दिवसांत रोज छापून येत होतं. तिथून स्टेशनापर्यंत घाईघाईने नवी पाइपलाइन टाकली. राजस्थानातल्या कोट्याहून टाकीच्या वाघिणी आतून वाफेने धुऊन आणल्या. ११ एप्रिलला दहा वाघिणींची पहिली गाडी निघाली. पाच लाख लिटर पाणी. दुसऱ्या दिवशी पहाटे ती लातूरला पोचली. सुमारे ३४० किलोमीटर. मग पन्नास वाघिणींच्या गाड्या जाऊ लागल्या, एका फेरीत पंचवीस लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभरावर फेऱ्या झाल्या आणि जवळजवळ २६ कोटी लिटर पाणी गेलं. गाडीचं नाव जलदूत.

जलदूतचा मार्ग नकाशावर बोटाने काढून बघा. मिरज, कवठेमहांकाळ, ढालगाव, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. ही जवळजवळ सबंध वाट म्हणजे कॅलथ्रॉपची छोटी गाडी. रूळ अजून अडीच फुटीच असते तर कोट्याच्या त्या वाघिणी मिरजेच्या पुढे हलल्याच नसत्या. पोत्यांची हमाली होते, पाण्याची कशी करणार? आप्पा असते तर म्हणाले असते, मी सांगत नव्हतो का.

या व्यवहारावर तेव्हा टीकाही झाली. शहराला इतक्या लांबून पाणी आणावं लागतं ही नियोजनाची नामुष्की आहे, उसाला पाणी किती जातं ते बघा, वगैरे. ती टीका मला मान्य आहे. नणंदेलाही मान्य होती. पण पहिल्या गाडीचं पाणी आलं त्या दिवशी तिने फोन केला तेव्हा ती ऊस, नियोजन काहीच बोलली नाही. "तुमच्या मिरजेचं पाणी आलं," एवढंच म्हणाली. मिरज आमचं कधीच नव्हतं. आम्ही तिथे फक्त गाडी बदलत होतो. तरी मी म्हटलं, "हो, आमचंच."

मग मला ढालगावच्या मामाची आठवण झाली. त्याच उन्हाळ्यात त्याचीही विहीर तळाला गेली होती. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी त्या तालुक्यात येतं, पण त्याच्या शिवाराच्या वाट्याला ते यायचं तेव्हा यायचं. त्याच्या बांधापासून रूळ हाकेच्या अंतरावर. म्हटलं, बघू या त्याला काही कळलंय का.

"कळलंय म्हंजे?" मामा म्हणाला. "दुपारी हितनंच गेली की. आमी समदी बांधावर उभी हुतो, पोरं, बाया, समदी."

"थांबली का?"

"थांबतीया कशाला? लातूरचं पाणी ते. धा डबं मोजलं आमी." मग जरा थांबून म्हणाला, "हात केला पोरांनी. डायवरनं बी केला."